पहिला दिवस आणि शेवटची दहा मिनिटं

नायट्रो इंजिनावरच्या रिमोट गाड्यांचा नाद लागलेल्या कुणालाही विचारा. नवं इंजिन घरात आलं की पहिला प्रश्न एकच असतो, ब्रेक-इन कसं करायचं? किती टाक्या जाळायच्या? थ्रॉटल कधीपासून द्यायचा? नुसतं आयडलवर ठेवायचं की पहिल्याच दिवशी मैदानात न्यायचं? या प्रश्नांवर शहाणी माणसं तासन् तास भांडतात. मी गेली बरीच वर्षं ही भांडणं ऐकतोय, आणि खरं सांगायचं तर हौसेने त्यात भागही घेतो. पण हल्ली माझं एक मत पक्कं होत चाललंय. ते एकदा सविस्तर लिहून टाकावं म्हणून हा प्रपंच.

मत असं की आपल्याकडे, म्हणजे खाडीकाठच्या या नवी मुंबईत, इंजिन चुकीच्या ब्रेक-इनमुळे फारसं मरत नाही. मैदानातही फारसं मरत नाही. ते मरतं कपाटात. पहिल्या दिवसाचं आपण एवढं कौतुक करतो की रोजच्या शेवटच्या दहा मिनिटांसाठी आपल्याकडे काही शिल्लकच राहत नाही.

आमच्या नातेवाइकांपैकी जे इथे डोकावतात (आणि ज्यांची ठाम समजूत आहे की हा घोडवयात खेळण्यांशी खेळतो) त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख करून देतो. हे इंजिन म्हणजे मुठीत मावणारं टू-स्ट्रोक इंजिन. नेहमीच्या गाड्यांत अडीच ते साडेतीन सीसीचं असतं. आपली जुनी लुना पन्नास सीसीची होती, म्हणजे तिच्या पंधरा-वीसपट लहान! पण फिरतं मिनिटाला तीस हजार फेऱ्यांच्या वर. त्यात स्पार्क प्लग नसतो, ग्लो प्लग असतो. प्लॅटिनमयुक्त तारेचं एक बारीक वेटोळं. सुरू करताना दीड व्होल्टच्या सेलने ते लाल करायचं, मग सेल काढून घेतला तरी चालतं. इंधनातलं मिथेनॉल आणि प्लॅटिनम यांच्या रासायनिक क्रियेमुळे आणि प्रत्येक स्फोटाच्या उष्णतेमुळे तार तापलेली राहते आणि इंजिन आपलं आपण चालत राहतं. अमेरिकेत रे आर्डन यांनी १९४७ मध्ये हे प्लग बाजारात आणले आणि छोट्या इंजिनांना बॅटरी-कॉइलचं ओझं वाहायची गरजच उरली नाही.

इंधनसुद्धा वेगळं असतं. पेट्रोल नव्हे. मिथेनॉल, त्यात दहापासून तीस टक्क्यांपर्यंत नायट्रोमिथेन, आणि बाकी तेल. नायट्रोमिथेनची गंमत अशी की ते स्वतःच्या पोटात ऑक्सिजन घेऊन येतं. एक किलो पेट्रोल नीट जाळायला पावणेपंधरा किलोच्या आसपास हवा लागते, नायट्रोमिथेनला पावणेदोन किलोसुद्धा लागत नाही. म्हणजे तेवढ्याच सिलिंडरमध्ये कितीतरी जास्त इंधन कोंबता येतं. ताकद येते ती तिथून. आणि तेल कुठलं? तर बऱ्याच बाटल्यांमध्ये अजूनही सिंथेटिक तेलाच्या जोडीला चक्क एरंडेल असतं! लहानपणी आजीने नाक दाबून पाजलेलं तेच. कॅस्ट्रॉल या नावातला ‘कॅस्टर’ म्हणजेसुद्धा एरंडेलच. तापल्यावर बाकीची तेलं जिथे हात टेकतात तिथे एरंडेल धातूला चिकटून राहतं, म्हणून त्याची नोकरी अजून टिकून आहे.

आता ब्रेक-इनकडे वळू. आपल्या पिढीला हा शब्द नवा असेल, कल्पना मुळीच नवी नाही. आपण त्याला ‘रनिंग-इन’ म्हणायचो. १९७२ साली चेतकही आली आणि लुनाही आली, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं मराठी घरांत नव्या स्कूटरचं एक ठरलेलं प्रकरण असायचं. आधी हार-नारळ, मग पेढे, आणि मग कित्येक आठवडे गाडी जपून चालवायची. डबल सीट नको, चढाला जोर नको, काटा अमुक आकड्याच्या वर जाऊ द्यायचा नाही, आणि पेट्रोलमध्ये ऑइल थोडं सढळ हाताने. घरातला कर्ता माणूस त्या दिवसांत गाडीला कुणाला हात लावू देत नसे. त्यामुळे ‘नवं इंजिन हळूहळू सरावतं’ ही गोष्ट आपल्या रक्तातच आहे. नायट्रो इंजिनाचा ब्रेक-इन आपल्याला चटकन पटतो तो त्यामुळेच.

पण इथे एक गोम आहे. स्कूटरचं रनिंग-इन आणि याचं ब्रेक-इन हे दिसायला सारखे असले तरी आतला मामला निराळा आहे.

या छोट्या इंजिनाच्या पिस्टनला बहुतेक वेळा रिंगच नसते. ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि पितळेची, आतून क्रोमचा मुलामा दिलेली स्लीव्ह. ही स्लीव्ह वरच्या बाजूला किंचित निमुळती असते. त्यामुळे थंड इंजिनात पिस्टन अगदी वर जाताना अडकतो, दोरी ओढताना हाताला कळतं. नवख्या माणसाला वाटतं इंजिन जाम आहे! पण ते तसंच हवं असतं. इंजिन चालू झालं की स्फोट वरच्या टोकाला होत असल्यामुळे स्लीव्हचं वरचं तोंड सगळ्यात जास्त तापतं, फुलतं, आणि तो निमुळतेपणा नाहीसा होऊन पिस्टनला नेमकी जागा मिळते. थोडक्यात, हे इंजिन गरम असतानाच त्याच्या खऱ्या मापाचं असतं. थंड असताना ते एक माप लहान असतं.

हे एकदा लक्षात आलं की ‘टाक्यांमागून टाक्या नुसत्या आयडलवर जाळा’ हा सल्ला मला का पटत नाही ते कळेल. भरपूर रिच मिश्रणावर (रिच म्हणजे इंधन जास्त, हवा कमी) बाकड्यावर ठेवून तासभर फुरफुरत ठेवलेलं इंजिन थंडच राहतं. थंड म्हणजे घट्ट. प्रत्येक फेरीला पिस्टन त्या अरुंद गळ्यात ठोकला जातो आणि त्याचा मार कनेक्टिंग रॉडला बसतो. मिनिटाला हजारो वेळा. आपण समजतो इंजिन जपतोय, प्रत्यक्षात ते कुटत असतो.

याच्या उलट टोकाची मंडळीही आहेत. पहिल्याच टाकीला पूर्ण थ्रॉटल, ‘कुछ नहीं होता’ म्हणत. तेही नाही पटत. नव्या धातूवरची सूक्ष्म खडबड घासून जाण्याआधीच अतिउष्णता दिली तर पिस्टन ओरखडतो, आणि तो ओरखडा काही परत भरून येत नाही.

मधली वाट सोपी आहे. सुरू करण्याआधी हेअर ड्रायरने हेड चांगलं गरम करून घ्यायचं. रिच मिश्रणावर सुरू करायचं, दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवायचं आणि मग सरळ जमिनीवर. थ्रॉटल हळूच द्यायचा, सोडायचा, द्यायचा, सोडायचा. सलग दाबून धरायचा नाही. हेडचं तापमान साधारण ९५ ते १०५ अंश सेल्सिअस ठेवायचं. परदेशी पुस्तिकांत थंडीसाठी हेडला फॉइल गुंडाळायला सांगतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तो खटाटोप लागत नाही, सूर्यदेव समर्थ आहेत. तापमान मोजायची इन्फ्रारेड बंदूक नसेल तर हेडवर पाण्याचा एक थेंब टाकायचा. तीन-चार सेकंदांत चुरचुरत उडाला तर ठीक. नुसताच बसून राहिला तर इंजिन थंड, पडताक्षणी फट्कन नाहीसा झाला तर जास्त गरम. घावन घालण्याआधी तव्यावर पाणी शिंपडून बघतात, तेच शास्त्र.

मग थांबायचं आणि पूर्ण गार होऊ द्यायचं. गार होताना पिस्टन खाली असला पाहिजे, नाहीतर आकसणारी स्लीव्ह त्याला वरच्या अरुंद जागेत आवळून बसते. त्यासाठी फ्लायव्हीलवर मार्करने एक खूण करून ठेवली की काम झालं. असं तापणं-गार होणं चार-पाच टाक्या चालू द्यायचं. ट्रॅक्ससच्या पुस्तिकेतसुद्धा पाच टाक्यांचाच क्रम दिलेला असतो. प्रत्येक टाकीनंतर मुख्य निडल घड्याळातल्या एका तासाएवढी आत घ्यायची, धूर मात्र शेवटपर्यंत दिसत राहिला पाहिजे. झालं ब्रेक-इन. एक सकाळ आणि थोडी दुपार. यापेक्षा त्याचं प्रस्थ माजवायचं कारण नाही.

आता माझ्या खऱ्या मुद्द्याकडे येतो.

संध्याकाळ झाली. तीन-चार टाक्या झाल्या. अंधार पडायला लागला, डास चावायला लागले, घरून फोन आला. इंजिन बंद. गाडी पिशवीत, पिशवी डिकीत, घरी आल्यावर कपाटाच्या तळाला. पुन्हा कधी? पुढच्या रविवारी. पुढच्या रविवारी साखरपुडा असतो, त्याच्या पुढच्या रविवारी पाऊस. आणि एकदा जूनमध्ये पाऊस लागला की सप्टेंबर संपेपर्यंत गाडी बाहेर निघत नाही.

या काळात इंजिनाच्या पोटात काय चाललेलं असतं? बंद करताना क्रँककेसमध्ये थोडं इंधन शिल्लक राहिलेलं असतं. मिथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, मीठ पाझरतं तसंच. नायट्रोमिथेन जळून झालेले नायट्रोजनचे ऑक्साइड त्या पाण्यात मिसळले की आम्ल तयार होतं. आणि हे सगळं मिश्रण जाऊन बसतं ते क्रँकच्या मागच्या बेअरिंगवर. पुढच्या बेअरिंगला बहुधा झाकण असतं, मागचं मात्र उघडं असतं, कारण त्याला वंगण इंधनातूनच मिळायचं असतं. पोलादाच्या बारीक गोळ्या, आम्लट पाणी आणि आपली ही हवा. पावसाळ्यात वाशी-नेरूळकडे ज्याच्या कपाटातल्या चपलांना बुरशी आली नाही असा माणूस विरळा! जिथे चामडं टिकत नाही तिथे उघडं पोलाद काय टिकणार?

गंज दिसत नाही. इंजिन बाहेरून चकचकीत असतं. ऑक्टोबरात काढून दोरी ओढली की थोडं करकरतं, मग सुरूही होतं. माणूस म्हणतो, वा! पण त्या गंजलेल्या गोळ्या आता कानशीसारख्या फिरत असतात. त्यांचे कण वर जातात, पिस्टन-स्लीव्हच्या मधे शिरतात. दोन-तीन टाक्यांनी कॉम्प्रेशन गेलेलं असतं. कधी बेअरिंगचा पिंजराच तुटतो आणि तुकडे सगळं इंजिन आतून फाडतात. मग निदान होतं, ‘ब्रेक-इन नीट झालं नव्हतं.’

हे मी एकदा नाही, बऱ्याचदा बघितलंय. आमच्याकडच्या एका मैदानावर इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं यायची. आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमध्ये आणि तसल्या इतर कॉलेज महोत्सवांत इंजिनवाल्या रिमोट गाड्यांच्या शर्यती झालेल्या आहेत. त्यासाठी चार-पाच जण वर्गणी काढून एक इंजिन घेतात, चेसिस स्वतः बनवतात, रात्री जागवतात. या पोरांनी ब्रेक-इन इतकं मन लावून केलं होतं की मला कौतुक वाटलं. वहीत प्रत्येक टाकीचं तापमान, निडलचे आटे, सगळं नोंदवलेलं. शर्यत झाली, बक्षीस नाही मिळालं, पण गाडी शेवटपर्यंत धावली. मग परीक्षा, मग सुट्टी, मग पाऊस. सप्टेंबरात ती पोरं परत आली तेव्हा दोरी हलत नव्हती. मागचं झाकण उघडून बघितलं तर आत तांबूस चिखल. वहीत पहिल्या पाच टाक्यांची सहा पानं होती, शेवटच्या टाकीनंतर एक ओळही नव्हती.

मला वाईट इंजिनाचं नाही वाटलं. त्या पोरांनी आपसात जो निष्कर्ष काढला त्याचं वाटलं. ‘नायट्रो बेकार असतं, टिकतच नाही.’ दुसऱ्या इंजिनाला वर्गणी काढायची कुणाची तयारी नव्हती. ज्यांच्या हातात खरोखर कसब होतं अशी पाच पोरं एका छंदातून कायमची गेली, आणि तीही दहा मिनिटांपायी.

त्याच मैदानावर एक निवृत्त गृहस्थ येतात. त्यांची गाडी फार वेगवान नाही. ट्यूनिंगही जेमतेम, नेहमी जरा जास्तच धूर सोडते. पण त्यांचं तेच इंजिन मी कित्येक पावसाळे बघतोय. कारण काय, तर आम्ही सगळे निघायच्या तयारीत असतो तेव्हा हे गृहस्थ चटईवर मांडी घालून बसलेले असतात. अगदी जेवणानंतर पानदान पुढे ओढावं तशी त्यांची छोटी पेटी पुढे ओढतात.

ते करतात ते असं. आधी टाकी रिकामी करायची, उरलेलं इंधन बाटलीत परत न घालता वेगळं काढायचं. मग इंजिन पुन्हा सुरू करून नळीत-पोटात राहिलेलं इंधन जाळून टाकायचं, ते आपोआप बंद पडेपर्यंत. नुसता पाइप चिमटून बंद करणं वेगळं आणि पोट रिकामं करणं वेगळं. मग गार झाल्यावर ग्लो प्लग काढायचा, तिथून आफ्टर-रन तेलाचे चार-पाच थेंब, कार्बोरेटरच्या तोंडातून चार-पाच थेंब. दोरी दहा-बारा वेळा हळू ओढायची म्हणजे तेल बेअरिंगपर्यंत पोचतं. प्लग परत लावायचा. पिस्टन खाली आणून ठेवायचा. एअर फिल्टरचा स्पंज काढून धुवायला वेगळा ठेवायचा, दुसरा तेल लावलेला बसवायचा. संपलं. दहा मिनिटं, फार तर बारा.

खास आफ्टर-रन तेल मिळालं नाही तर गाड्यांच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल बरीच मंडळी वापरतात, तेही चालतं. पण डब्यातून फवारायचं ते पातळ तेल मारून चार महिने निश्चिंत राहू नका, ते उडून जातं. आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा दोरी चार वेळा ओढून दोन थेंब पुन्हा टाकायचे. लोणच्याची बरणी मधूनमधून हलवतो ना, तेवढीच आठवण ठेवायची.

फिल्टरबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण गंजाच्या खालोखाल इंजिनं खाते ती धूळ. आपल्याकडे मोकळं मैदान म्हणजे बहुधा मुरूम टाकलेला, शेजारी बांधकाम चालू असलेला प्लॉट. सिमेंटची आणि दगडाच्या चुरीची धूळ क्रोमला खरवडते. कोरडा फिल्टर तिला अडवू शकत नाही, तेलाने ओला केलेलाच अडवतो. फिल्टर नसलेलं इंजिन अर्धं मिनिटसुद्धा चालवू नये.

आणखी एक रोजचीच गोष्ट. मे महिन्यात लावलेली निडल डिसेंबरात तशीच ठेवून चालत नाही. मेची हवा गरम आणि दमट, म्हणजे विरळ. डिसेंबरच्या सकाळची हवा गार आणि कोरडी, म्हणजे दाट. त्याच निडलवर थंडीत हवा जास्त आत येते, मिश्रण लीन होतं आणि इंजिन तापतं. थंडी पडली की निडल थोडी बाहेर काढायची. ब्रेक-इनच्या दिवशी लावलेला आकडा हा काही लग्नातल्या मुहूर्तासारखा कायमचा नसतो.

सुरक्षेचं दोन ओळींत संपवू नये असं वाटतं म्हणून जरा थांबतो. या बाटलीत मिथेनॉल आहे. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभरावर माणसं गेली, ते हेच द्रव्य. थोडं पोटात गेलं तरी डोळे जाऊ शकतात, जीव जाऊ शकतो, त्वचेतूनही ते शरीरात जातं. हातमोजे घालायचे. इंधन कधीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरायचं नाही. रंग गुलाबी-हिरवा असतो, घरात लहान मूल असेल तर कुलपातच ठेवायचं. आणि मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, तेव्हा पेट घेतला की डोळ्यांना कळायच्या आधी हाताला कळतं. बाल्कनीत ब्रेक-इन करणाऱ्यांना मी म्हणूनच हात जोडतो. वायू, धूर, आवाज, आणि खाली कुणाचं तरी वाळत घातलेलं धुणं! मैदानातसुद्धा सोसायटीपासून लांब, आणि दुपारच्या झोपेची वेळ सोडून. खाडीकडे फ्लेमिंगो उतरलेले असतील त्या बाजूला तर अजिबात नको. 

आता एक रास्त आक्षेप. माझा भाचा मला तो दर भेटीत ऐकवतो. ‘मामा, हे सगळं करायचंच कशाला? ब्रशलेस मोटर घे, लिपो बॅटरी घे. बटण दाबलं की गाडी पळते. जास्त पळते. धूर नाही, वास नाही, ब्रेक-इन नाही.’ बरोबर आहे त्याचं. चेतक २०२० मध्ये परत आली ती बॅटरीवर, लुना २०२४ मध्ये परत आली तीही बॅटरीवर. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळणारी पिढी आपल्याबरोबर संपणार. आणि नव्याने छंद सुरू करणाऱ्याला मी स्वतःसुद्धा आधी इलेक्ट्रिक गाडीच घ्यायला सांगतो. इंधन मिळायला कठीण, कुरिअरने आणि विमानाने ज्वालाग्राही पदार्थ येत नाहीत, मैदानं कमी होत चाललीत. नायट्रोचा आग्रह धरण्यात काही शहाणपण नाही. ज्याला तो आवाज, तो वास, त्या छोट्या यंत्राशी बोलत बसणं आवडतं त्यानेच इकडे यावं.

पण भाच्याच्या बोलण्यातला एक भाग मला मान्य नाही. बॅटरी आली म्हणून शेवटची दहा मिनिटं सुटत नाहीत. लिपो बॅटरी पूर्ण भरून कपाटात ठेवली तर तिचं आयुष्य घटतं, फुगते, पूर्ण रिकामी करून ठेवली तर मरते. खेळ संपल्यावर प्रत्येक सेल साधारण ३.८ व्होल्टवर आणून मगच ठेवायची असते. भाच्याच्या खणात तीन फुगलेल्या बॅटऱ्या आहेत. नव्या आल्या तेव्हा त्याने त्यांचे फोटो काढून सगळ्यांना पाठवले होते :)

म्हणजे दोष नायट्रोचा नाही, आपल्या सवयीचा आहे. आपल्याला सुरुवात आवडते. सुरुवातीला प्रेक्षक असतात. नव्या गाडीभोवती घर गोळा होतं. शहरात कुठल्याही बागेत जाऊन बघा, उद्घाटनाची संगमरवरी पाटी असते, त्यावर नावं असतात. ‘या झोपाळ्याला गेल्या महिन्यात ग्रीस लावलं’ अशी पाटी कुठे बघितली आहे? लग्नाचे अल्बम तीन-तीन असतात, नंतरच्या वीस वर्षांतल्या मंगळवारांचा एकही नसतो. आवरणं हे काम बघायला कुणी नसताना, थकल्यावर, अंधारात करायचं असतं. त्याची कुणी वही ठेवत नाही. म्हणून ते सुटतं. आणि सुटल्याचा परिणाम त्या दिवशी दिसत नाही, चार महिन्यांनी दिसतो, तोपर्यंत कारण विसरलेलं असतं.

कुणी म्हणेल, छंदात एवढी शिस्त आणली तर मजा काय उरली? आठवडाभर ऑफिसात हेच करतो, रविवारी तरी मोकळं सोडा. मला हे म्हणणं कळतं. लोकलमधून उभ्याने घरी येणाऱ्या माणसाला आणखी एक कर्तव्य नको असतं. पण त्या निवृत्त गृहस्थांच्या चेहऱ्याकडे बघितलं की मला ते कर्तव्य करताहेत असं वाटत नाही. गाडी पळत असताना त्यांचं सगळं लक्ष रिमोटवर, जरा ताणलेलं. पेटी उघडल्यावर मात्र ते निवांत असतात. प्लग उजेडात धरून बघतात, तारेचा रंग बघून आज इंजिनाची तब्येत कशी होती ते सांगतात. तार चकचकीत असेल तर ठीक, करडी-खरखरीत झाली असेल तर इंजिन तापलं होतं. खेळाचा तोही एक भागच आहे त्यांच्यासाठी.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. ब्रेक-इनवर आपण भांडत राहू, त्यात मजा आहे. फक्त नवीन माणूस जेव्हा ‘ब्रेक-इन कसं करू’ विचारेल, तेव्हा आपण त्याला आधी उलट विचारावं, बंद कसं करणार आहेस? आणि इंजिन घ्यायला दुकानात जाल तेव्हा आफ्टर-रन तेलाची बाटली त्याच पावतीवर घ्या. पैसे कमी पडत असतील तर पुढच्या महिन्यात दोन्ही बरोबर घ्या. मैदानावरून अंधार पडायच्या पंधरा मिनिटं आधी खेळ थांबवा, म्हणजे थेंब कुठे पडतोय ते दिसेल. आणि तुमच्या कपाटात गेल्या पावसाळ्यापासून एखादं इंजिन तसंच पडलं असेल, तर दोरी ओढायच्या आधी मागचं झाकण उघडून बेअरिंग बघा. अजून वाचण्यासारखं असू शकेल.